हार्ट सर्जन मोजायचे कसे?

हृदयाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अपुरे पडतात अशी ओरड झाली की उत्तर ठरलेलं असतं: एम.सीएच.च्या जागा वाढवा. घोषणा सोपी आहे, हिशेब तितका सोपा नाही.

आधी वेळ पाहू. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, जनरल सर्जरीच्या एम.एस.ला तीन, हृदयशल्यचिकित्सेच्या एम.सीएच.ला आणखी तीन. मधल्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जाणारी वर्षं वेगळीच. म्हणजे आज बारावी झालेली मुलगी स्वतंत्रपणे छाती उघडेल तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल.

आता संख्या. समजा, एका राज्यात ३०० हार्ट सर्जन आहेत आणि प्रत्येक जण सरासरी ३० वर्षं काम करतो. तर आहे ती संख्या टिकवायलाच दरवर्षी १० नवे लागतात. त्या ३०० जणांतले बहुतेक पन्नाशीपुढचे असतील, तर येत्या दशकात १० पुरणार नाहीत. म्हणून नुसती डोकी मोजून भागत नाही, वयंही मोजावी लागतात.

गरजही जागेवर राहत नाही. १९७७ मध्ये झ्युरिकला डॉ. ग्रुंट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली आणि एकेकाळी बायपासकडे जाणारे कितीतरी रुग्ण कार्डिओलॉजिस्टकडे वळले. २००२ मध्ये डॉ. क्रिबिए यांनी फ्रान्समध्ये छाती न उघडता, नळीवाटे हृदयाची झडपही बसवली. आपल्याकडे मात्र संधिवाती तापाने खराब झालेल्या झडपा आणि जन्मजात हृदयदोष असलेली मुलं यांचं काम अजून भरपूर आहे.

तरीही या शाखेच्या जागा रिकाम्या राहतात. कारण पदवी मिळाल्यानंतरच्या आयुष्यात आहे. हाडांचा डॉक्टर तालुक्याच्या गावी स्वतःचं नर्सिंग होम काढू शकतो. हार्ट सर्जनला हार्ट-लंग मशीन, ते चालवणारा परफ्युजनिस्ट, भूलतज्ज्ञ, रात्रभर जागणारा आयसीयू आणि रक्तपेढी लागते. ते सारं मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. तिथे वर्षानुवर्षं वरिष्ठांचा सहायक म्हणून उभं राहायचं. तेवढ्याच वर्षांत कार्डिओलॉजीचं डी.एम. करणारा वर्गमित्र स्वतःचे रुग्ण पाहू लागलेला असतो. ही गणितं निवासी डॉक्टरांना तोंडपाठ असतात, नियोजनाच्या कागदावर ती क्वचितच येतात.

जागा भरल्या तरी हातांना काम हवं. एखाद्या विभागात वर्षाला ४०० शस्त्रक्रिया होत असतील आणि शिकणारे दोनाचे चार केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याच येतील. पदव्या वाढतील, सराव घटेल. म्हणून जागा देण्याआधी ऑपरेशनचं रजिस्टर उघडावं आणि शिकणाऱ्याने स्वतः किती टाके घातले ते पाहावं, असं माझं मत. लहान मुलांच्या हृदयाचा रकाना तर वेगळाच धरायला हवा, कारण आयुष्यभर बायपास केलेला निष्णात सर्जनही चार दिवसांच्या बाळाच्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल करायला सहसा उभा राहत नाही.