७५ टक्के हजेरीचा हिशोब आधीच करा
कॉलेजची हजेरी म्हणजे प्राध्यापकांची मर्जी, असा आपल्या अनेक मुलामुलींचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक विद्यापीठांत परीक्षेला बसता येणे तिच्यावर ठरते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना जेवण-निवासासाठी पैसे देणारी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही ७५ टक्के उपस्थिती मागते.

हिशोब सोपा आहे. सत्रात एका विषयाचे ६० तास झाले, तर ४५ भरले पाहिजेत. बरेच जण ही बेरीज कमी हजेरीवाल्यांची यादी लागल्यावर करतात. आम्ही सांगू, दर महिन्याला करा. आजारी पडलात तर वैद्यकीय दाखला लगेच द्या आणि अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाची पोच घ्या. तोंडी सांगितलेले नंतर कुणालाच आठवत नाही.

रात्रपाळी करून शिकणाऱ्यांची अडचण खरी आहे. पण मित्राकडून प्रॉक्सी लावून ती सुटत नाही, उलट दोघेही अडकतात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत. अशी सोय आजही लेखी मागता येते. विद्यार्थी संघटनांनी ती मागायला हवी.

प्रामाणिकपणाचा प्रश्न लेखनातही येतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार संशोधन प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला निघाला, तर नोंदणीच रद्द होते. म्हणून पदवीच्या प्रोजेक्टपासूनच सवय लावा: उतारा घेतला की लेखक, पुस्तक आणि पान लिहायचे. बाबासाहेबांच्या ग्रंथातून घेतला असला तरीही.