प्रमाणपत्र हाती आलं, वर्गात काय आलं?

रविवारी घरातल्या आपा कानात इअरफोन घालून मोबाइलसमोर बसलेल्या दिसल्या, की समजावं, प्रशिक्षण सुरू आहे. मध्येच भाताचा कुकर वाजतो, त्या गॅस बंद करून येतात, तोवर तज्ज्ञांची दोन पानं पुढे गेलेली असतात.

केंद्र सरकारचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ते ‘दीक्षा’वर ऑनलाइन आलं. आधी १८ अभ्यासक्रम, पुढे पायाभूत वाचन-गणनासाठी १२. आपल्या गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलभागातल्या शिक्षकांचा प्रवास यामुळे वाचला, ही सोय मोठीच. पण सोय झाली म्हणजे शिकणं झालं, असं आम्हा शिक्षकांना वाटत नाही.

उर्दू शाळेतल्या दुसरीच्या मुलाचंच बघा. त्याला ‘बे’ ओळखता येतो. पण तोच ‘बे’ ‘बाप’मध्ये नुसता शोशा आणि खाली एक नुक्ता होऊन येतो, तेव्हा मूल अडतं. ‘इस’ आणि ‘उस’ ज़ेर-पेश न देता लिहिले तर दोन्ही अलिफ आणि सीनच. मराठीत वेलांटी आणि उकार डोळ्यांना दिसतात, इथे ते अंदाजाने वाचायचे. तज्ज्ञ मात्र काना-मात्रेच्या उदाहरणांवर तासभर छान बोलतात. आमच्या आपा ते ऐकतात, वहीत उतरवतात आणि सोमवारी वर्गात तोच मुलगा त्याच ओळीवर अडलेला असतो.

म्हणून आमचं म्हणणं असं की, प्रशिक्षणाच्या आठवडाभर आधी शिक्षकांकडून एकेक अडचण मागवावी. ‘माझी चार मुलं जोडाक्षरावर थांबतात’ इतकी साधी. तज्ज्ञांनी त्यातल्या दोन-तीन घ्याव्यात आणि खऱ्या मुलाला शिकवून दाखवावं. भाषण वीस मिनिटांत आटोपलं तरी चालेल. मग शिक्षकांनी तेच आपल्या वर्गात करून बघावं आणि आठ दिवसांनी पुन्हा जमावं: काय जमलं, कुठे फसलं? हे दुसरं बसणंच आमच्या मते खरं प्रशिक्षण. आज नेमकं तेच गाळलं जातं, कारण त्याचं प्रमाणपत्र निघत नाही!

यात आम्ही नवीन काही सांगत नाही. अमेरिकेतले ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारासच मांडलं होतं, की नुसतं ऐकून वर्ग बदलत नाही. करून दाखवणं, सराव, चुका सांगणं आणि सोबत्याची साथ हे सगळं लागतं. साथ द्यायला आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद आहेच. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी दोन शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहिले तर काय बिघडेल?

तारखाही बघून ठराव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, घरातली मोठी माणसं बांधीत आणि लहान भावंडं मोठ्या बहिणीच्या अंगावर, त्यामुळे वर्ग निम्मा रिकामा. त्या दिवसांत सरावाचं काम दिलं तर करणार कुणावर? नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर शाळा उघडली की मुलं पुन्हा बाकावर येतात.

वालिदैनलाही एक विनंती आहे. पुढच्या पालकसभेत हजेरी आणि गणवेशाबरोबर एवढंही विचारा: आपा, नव्या प्रशिक्षणातलं माझ्या मुलावर काय करून बघितलंत? आपांना राग येणार नाही. उलट, सांगायला काही असेल तर त्या खुर्ची ओढून बसतील.