खुब्याचे हाड मोडले तर

वार्धक्यात पडावयास निमित्त लागते ते अगदी क्षुल्लक. मोरीतील ओली फरशी, काळोखात न दिसलेला उंबरठा, पायात अडकलेला लुगड्याचा काठ, नाही तर रात्री उठताना आलेली घेरी. तरुण माणूस अशा वेळी कपडे झटकून उठतो. सत्तरीच्या आजींना मात्र उठवत नाही. जांघेत असह्य कळ येते. दुखावलेला पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूस कललेले असते. ही लक्षणे दिसली म्हणजे खुब्याजवळचे हाड मोडले असावे असे समजून चालावे.

मग घरात विचारविनिमय सुरू होतो. कोणी लेप सुचवितो, कोणी हाडवैद्याचे नाव काढतो, आणि ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला? पडून राहू दे त्यांना, आपण जपू,’ असे कोणी वडीलकीच्या नात्याने सांगतो. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो. परंतु पुष्कळदा रुग्णाच्या जिवावर बेततो तो हाच.

असे का होते हे समजण्यासाठी खुब्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कटीच्या हाडातील खोलगट वाटीत फिरते. या गोलाखाली हाडाची निमुळती मान असते. गोलास रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या मुख्यतः या मानेवरूनच वर जातात. मान मोडून हाड सरकले की त्या वाहिन्या तुटतात व गोलाचा रक्तपुरवठा खुंटतो. असे हाड नुसते पडून राहिल्याने सहसा जुळत नाही. मानेच्या खालचा भाग मोडला तर तेथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने हाड जुळते. पण त्यासाठी रुग्णाला कित्येक आठवडे खिळून राहावे लागते, आणि खरा धोका या अंथरुणातच असतो.

वृद्ध माणूस दिवसचे दिवस उताणा पडून राहिला की फुप्फुसांत कफ साठून न्यूमोनिया होतो. पाठीवर व टाचांवर शय्याव्रण पडतात. पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, स्नायू झपाट्याने झिजतात, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो आणि मन भ्रमिष्ट होते. अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत असे दिसते की, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो. मूळचा अशक्तपणा व इतर विकार यांचाही यात वाटा असतो. तथापि अंथरुणावर घालवलेले दिवस कमी करणे तरी आपल्या हाती आहे.

पूर्वीच्या काळी पायाला वजने बांधून वाट पाहणे एवढाच मार्ग होता. १९३१ साली बोस्टन येथील शल्यविशारद मारियस स्मिथ-पीटरसन यांनी मोडलेली मान तीन पात्यांच्या धातूच्या खिळ्याने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. पुढे १९६२ मध्ये इंग्लंडात जॉन चार्नली यांनी धातूचा गोल व प्लॅस्टिकची वाटी बसवून संपूर्ण सांधा बदलण्याची आपली पद्धत यशस्वी केली. आजचे उपचार याच दोन वाटांनी चालतात. मानेखालचे हाड मोडले असेल तर सळई किंवा पट्टी व स्क्रू घालून ते पक्के करतात. मान मोडून सरकली असेल तर वृद्धांच्या बाबतीत बहुधा नुसता गोल, किंवा रुग्ण चांगला हिंडता-फिरता असल्यास संपूर्ण सांधा, बदलतात.

शस्त्रक्रिया किती लवकर करावी? रुग्णालयात दाखल झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, असे तज्ज्ञांचे सामान्य मत आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह १७ देशांतील सुमारे ३,००० रुग्णांचा समावेश होता. निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि साधारण चोवीस तासांनी झालेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात विशेष फरक पडला नाही. परंतु लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रमिष्टपणा कमी आढळला व ते लवकर उभे राहिले. तेव्हा काही तास गेले म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र विचार करण्यात आठवडा दवडू नये.

‘भूल झेपेल काय?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पुष्कळदा कमरेतून भूल देऊन काम भागते. केवळ वय अधिक म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची माहिती व चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे, डॉक्टरांना आरंभीच सांगावी. रुग्णाला नेताना पाय ओढू नये व चोळू नये. बाजूला उशा लावून, स्ट्रेचरवर आडवे ठेवूनच न्यावे.

शस्त्रक्रियेनंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधार देऊन उभे करतात. येथे घरच्यांचा धीर कसोटीस लागतो. वेदना पाहून ‘आज राहू द्या’ म्हणण्याचा मोह टाळावा. वॉकर धरून टाकलेली चार पावले औषधाइतकीच मोलाची असतात. आहारात दूध, डाळी, अंडी यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ असावेत.

साध्या पडण्याने खुबा मोडणे हे हाडे ठिसूळ झाल्याचे चिन्ह होय. यास्तव हाडांची घनता तपासून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व हाडे बळकट करणारे औषध यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. अन्यथा दुसरा खुबाही मोडण्याची भीती असते. मोरीत धरावयास दांडी, रात्री मंद दिवा आणि योग्य चष्मा यांची व्यवस्था घरी करता येते.

खर्चाच्या काळजीने कित्येक कुटुंबे थबकतात. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. घरातील वडीलधाऱ्यांचे कार्ड आजच काढून ठेवावे आणि जवळचे कोणते रुग्णालय या योजनेत आहे याची चौकशी करावी. अपघाताच्या रात्री हे शोधीत बसावे लागले नाही, तर वाचलेली ती वेळ रुग्णाच्या उपयोगी पडेल.