एक 'हार्ड', अर्थ अनेक

'आय वर्क हार्डली' असे वाक्य मी आयुष्यातील पहिल्या नोकरीच्या अर्जात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या पिढीची इंग्रजीशी ओळख पाचवीत होत असे. क्रियाविशेषण करायचे तर विशेषणाला 'ली' लावायचे, हा नियम तेव्हाच पाठ झालेला. 'स्लो'चे 'स्लोली', 'क्विक'चे 'क्विकली', तसे 'हार्ड'चे 'हार्डली' होणारच! मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी ते वाक्य शेजारच्या दोघांना वाचून दाखवले. तिघेही हसले. मीही शिष्टाचार म्हणून हसलो. 'मी जेमतेमच काम करतो' असे आपण लेखी कळवून बसलो आहोत, हे मला घरी येऊन शब्दकोश उघडल्यावर समजले. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

पुढे २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, इंग्रजी माध्यमाच्या शाळाही गल्लोगल्ली निघाल्या. तरीही 'हार्ड' या शब्दापाशी अडखळणारी मंडळी मला आजही भेटतात. दोष त्यांचा नाही. 'हार्ड म्हणजे कठीण' एवढेच आपण घोकलेले असते आणि इंग्रज मात्र हा शब्द दगडापासून दारूपर्यंत आणि तुरुंगापासून संगणकापर्यंत कुठेही बसवतो.

प्रथम त्या 'हार्डली'चा निकाल लावू. 'हार्ड' हे विशेषण आहे, तसेच ते क्रियाविशेषणही आहे. त्याला 'ली'ची गरज नाही. 'फास्ट' या शब्दाचेही असेच आहे. म्हणून 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कसून काम करतो. 'इट रेन्ड हार्ड' म्हणजे पाऊस धो धो पडला. 'थिंक हार्ड' म्हणजे नीट डोके चालव. या तिन्ही ठिकाणी 'कठीण' हा शब्द घालून पाहा, एकही वाक्य उभे राहत नाही. 'हार्डली' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'जोराने', 'निकराने' याच अर्थी वापरात होता. पुढे त्याला 'मोठ्या मुश्किलीने' असा अर्थ आला आणि मुश्किलीने घडणारी गोष्ट बहुधा घडतच नाही, या अनुभवातून 'जवळजवळ नाहीच' येथे तो येऊन ठेपला. हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. 'सभेला मुश्किलीने पन्नास माणसे होती' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या पन्नास माणसांना सभेला येताना काही अडचण झाली, असे आपल्याला म्हणायचे नसते. 'कसेबसे' या शब्दाचीही तीच कथा. मनुष्यस्वभाव सारखाच असल्याने दोन भाषांतील शब्द एकाच वाटेने घसरले, एवढेच.

मुळात 'हार्ड' हा कौतुकाचा शब्द होता. प्राचीन इंग्रजीत तो टणक वस्तूला लागे, तसाच धीट आणि पराक्रमी पुरुषालाही लागे. जर्मन भाषेतील 'हार्ट' हा त्याचा सख्खा भाऊ. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते ग्रीक भाषेतील 'क्रॅटोस' म्हणजे बळ, सत्ता या शब्दाशी जोडतात. 'डेमोक्रसी'तील 'क्रसी' ती हीच. म्हणजे लोकशाही आणि हार्डवेअरचे दुकान यांचे फार दूरचे का होईना, नाते निघते! युरोपातील कित्येक पुरुषनामांच्या शेपटाला हाच 'हार्ड' चिकटलेला आहे. बर्नार्ड म्हणजे अस्वलासारखा धीट, लिओनार्ड म्हणजे सिंहासारखा शूर. रिचर्ड या नावात राज्यकर्ता आणि बलवान असे दोन शब्द एकत्र आले आहेत. काटक रोपाला किंवा माणसाला 'हार्डी' म्हणतात, तो शब्द मात्र फ्रेंचांच्या घरी जाऊन परत आलेला. मराठीत ही कौतुकाची छटा हवी असेल, तर 'कठीण' उपयोगाचा नाही. तेथे 'कणखर' हाच शब्द हवा.

आता वस्तूंकडे वळू. दगड हार्ड असतो, खाट हार्ड असते, वाळलेला पाव हार्ड होतो. मराठीत मात्र दगड टणक, खाट कडक आणि भेंडी निबर. या भौतिक अर्थाचे मोजमापही आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठिणतेची दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली. ज्याने दुसऱ्यावर ओरखडा उठतो तो अधिक कठीण, एवढे साधे तत्त्व. तळाशी शंखजिरे, वर हिरा. परंतु हाच हिरा हातोडीच्या घावाने फुटू शकतो. कारण इंग्रजीत 'हार्ड' वेगळे आणि 'टफ' वेगळे. ओरखडा न घेणारा तो हार्ड. घाव सोसून न तुटणारा तो टफ. आपल्याकडे यासाठी 'कठीण' आणि 'चिवट' असे दोन चांगले शब्द आहेत, पण बोलताना दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी आपण 'टफ' म्हणून मोकळे होतो. परीक्षेचा पेपरसुद्धा 'टफ'च जातो.

पाण्याची गंमत याहून मोठी आहे. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांना 'हार्ड वॉटर' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरे किटण. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा हा प्रताप. साबण या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो आणि फेसाला काही उरत नाही. क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतील, तर पाणी उकळल्यावर ते खाली बसतात. सल्फेट वा क्लोराइड असतील, तर उकळून काही होत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ही कठिणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असे ठरलेले आहे.

अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात 'दुष्फेन' म्हणतात. ज्याला फेस येणे अवघड ते दुष्फेन, सहज येतो ते सुफेन. शब्द संस्कृत वळणाचा असला, तरी अर्थ चोख सांगतो; इंग्रजीतील 'हार्ड'पेक्षा अधिक. घराघरांत मात्र याला 'जड पाणी' म्हणतात आणि येथेच घोटाळा होतो. कारण अणुऊर्जेच्या संदर्भात 'जड पाणी' म्हणजे 'हेवी वॉटर', ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असतो ते. रायगड जिल्ह्यातील थळ येथे ते तयार होते आणि तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीत वापरले जाते. 'आमच्या सोसायटीत जड पाणी येते' अशी तक्रार एखाद्याने शब्दशः इंग्रजीत लिहिली, तर ती पालिकेऐवजी अणुऊर्जा विभागाकडे पाठवावी लागेल.

व्याकरणाच्या तासालाही हा शब्द असाच दगा देतो. आपल्या वर्णमालेत क, ख, च, ट, त, प ही कठोर व्यंजने, तर ग, घ, ज, ड, द, ब ही मृदू. हे आपण शाळेत शिकतो. इंग्रजीत 'हार्ड जी' म्हणजे 'गोट' या शब्दातील ग आणि 'सॉफ्ट जी' म्हणजे 'जेम' या शब्दातील ज. म्हणजे आपल्या लेखी जो ग मृदू, तोच त्यांच्या लेखी हार्ड! दोघांच्याही मोजपट्ट्या आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण कंठातील स्वरतंतू कंप पावतात की नाही हे पाहतो. इंग्रज एकाच अक्षराच्या दोन उच्चारांना नावे ठेवतो. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे कोणी सांगत नाही आणि तो आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसतो.

कायद्यात चूक झाली, तर मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५३ व्या कलमात कारावासाचे दोन प्रकार सांगितले होते. एक साधा आणि दुसरा 'हार्ड लेबर'सह भोगायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या चौथ्या कलमातही ही विभागणी कायम आहे. मराठीने यासाठी 'सक्तमजुरी' हा शब्द केव्हाच रुळवला. लोकमान्य टिळकांना १८९७ च्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती सक्तमजुरीची. येथे काम कठीण आहे की सोपे, हा मुद्दाच नाही. ते करणे कैद्याच्या मर्जीवर नाही, हा मुद्दा आहे. 'कठीण परिश्रम' असे भाषांतर केले असते, तर ती शिक्षा न वाटता गुणवंत विद्यार्थ्याचे प्रशस्तिपत्र वाटले असते.

पैशाच्या व्यवहारात हा शब्द पुन्हा रूप बदलतो. 'हार्ड कॅश' म्हणजे रोकडा पैसा. ज्याच्याकडे तो नाही तो 'हार्ड अप', म्हणजे चणचणीत. एकाच शब्दाने पैसा असणे आणि नसणे दोन्ही सांगावे, ही इंग्रजीची खोड! 'हार्ड करन्सी' म्हणजे जगात कुठेही विनातक्रार स्वीकारले जाणारे चलन. त्याची किंमत काय असते, हे आपल्या देशाने १९९१ मध्ये अनुभवले. परकीय गंगाजळी आटली, आयातीची देणी रुपयांत भागणे शक्य नव्हते आणि रिझर्व्ह बँकेला त्या जुलैत सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून तारण ठेवावे लागले. त्यातून सुमारे ४० कोटी डॉलर उभे राहिले. रुपयाची नोट डॉलरच्या नोटेइतकीच मऊ, पण त्या दिवसांत एक हार्ड होती आणि दुसरी नव्हती. मला विचाराल, तर या 'हार्ड'ला मराठीत 'खणखणीत' हाच प्रतिशब्द शोभतो.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर 'हार्डवेअर' म्हटले की खिळे, बिजागऱ्या, नटबोल्ट. त्या शब्दाचा मूळ अर्थ तोच, लोखंडी सामान. संगणकवाल्यांनी तो उचलला, मग त्याला जोडी म्हणून 'सॉफ्टवेअर' घडवला. 'हार्ड डिस्क'ही अशीच. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या यंत्रात सुमारे दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. पुढे लवचिक 'फ्लॉपी' आली, तेव्हा हिचे 'हार्ड'पण डोळ्यांत भरले. 'हार्ड कॉपी' मात्र कागदाची असते. पडद्याच्या काचेपेक्षा कागद खचितच मऊ. पण हाताला लागतो, म्हणून तो हार्ड!

'डाय-हार्ड' या शब्दाला रणांगणाचा इतिहास आहे. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील अल्बुएरा येथे इंग्रज व फ्रेंच यांच्यात घनघोर लढाई झाली. ५७ व्या पलटणीचे कर्नल इंग्लिस जखमी होऊन पडले, तरी मागे न हटता आपल्या शिपायांना 'प्राण महाग विका' अशा अर्थाने ओरडून सांगत राहिले, असे म्हणतात. त्या पलटणीचे 'डाय हार्ड्स' हे नावच पडले. येथे 'हार्ड' म्हणजे सहजासहजी नव्हे. आज आपण क्रिकेटपटूच्या कट्टर चाहत्याला 'डाय-हार्ड फॅन' म्हणतो, त्याला बिचाऱ्याला मरण्याची काही गरज नसते.

माणसांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. 'शी इज हार्ड ऑन हिम' म्हणजे ती त्याच्याशी कठोरपणे वागते. 'नो हार्ड फीलिंग्ज' म्हणजे मनात काही किल्मिष नाही. आणि 'हार्ड ऑफ हिअरिंग' म्हणजे ज्याला ऐकू कमी येते तो. एका ओळखीच्या आजोबांच्या वैद्यकीय कागदावर हे शेवटचे शब्द होते. त्यांच्या नातवाने त्याचा अर्थ 'ऐकून न घेणारा, हट्टी' असा लावला आणि डॉक्टरांनीही लिहून दिल्याच्या समाधानात घरातील सर्वांनी आजोबांच्या हट्टीपणावर शिक्कामोर्तब केले. कानाचे यंत्र घ्यायला त्यामुळे आणखी एक वर्ष गेले. ते वर्ष आजोबा घरातल्या गप्पांपासून दूर, खिडकीपाशी बसून होते.

मग शब्दाचा अर्थ शोधायचा कसा? तो एकटा कधी शोधू नये, शेजारी कोण बसले आहे ते आधी पाहावे. आपण आपल्या भाषेत हे नकळत करतोच. 'कडक' या एका शब्दाचे पाहा ना! ऊन कडक, इस्त्री कडक, शिस्त कडक, सोवळे कडक आणि चहाही कडक. यांपैकी एकाही ठिकाणी मराठी माणूस गोंधळत नाही. मात्र इंग्रजीत जाताना प्रत्येकाचा जोडीदार निराळा होतो. शिस्त 'स्ट्रिक्ट', चहा 'स्ट्राँग', उन्हाला आणखी तिसरेच काही.

चहाचे तर विशेष ध्यानात ठेवावे. अमेरिकेत 'सायडर' म्हणजे सफरचंदाचा साधा रस आणि 'हार्ड सायडर' म्हणजे त्याचे मद्य. याच न्यायाने तेथे 'हार्ड टी' या नावाने मद्य मिसळलेला थंड चहा बाटल्यांतून विकला जातो. मुलाकडे राहायला गेलेल्या एखाद्या मराठी काकूंनी सकाळी सकाळी दुकानात कडक चहा म्हणून 'हार्ड टी' मागितला, तर दुकानदार आधी त्यांच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहील.