माफीपुरती भाषा

‘भात जेवलीस का?’ कंबोडियात माणसाची खुशाली अशी विचारतात. बात्तमबांगला सांग्के नदीकाठच्या त्या लाकडी घराच्या पायरीशी मी दुसऱ्यांदा चपला काढल्या, तेव्हा आजींनी तेच विचारले. मी ‘चा’ म्हटले. बायकांचा होकार तिथे ‘चा’, पुरुषांचा ‘बात’. आपल्या कानाला मात्र त्यात चहाच ऐकू येतो!

चौसष्टाव्या वर्षी तीन महिने परक्याच्या घरी राहून ख्मेर शिकायची ही हौस कसली, असे बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलेच. हौस पहिल्या खेपेला होती. आता आले ती उधारी फेडायला.

२०२३ साली इथे पंधरा दिवस राहिले, तेव्हा रोज एखादा ओळखीचा शब्द हाती लागे. गुरूचा ‘क्रू’, मुखाचा ‘मुक’, भाषेचा ‘फिआसा’. आणि बँकेला ‘तोनिआकिआ’, म्हणजे चक्क आपले धनागार! सारी नोकरी ताळेबंद जुळवण्यात गेलेली. डावीकडे ख्मेर, उजवीकडे संस्कृत, असे वहीत खातेच मांडले. एका रात्री भांडी आवरताना आजींना कौतुकाने म्हटले, ‘तुम्ही माझ्या मित.’ मित म्हणजे मित्र. आजींचे हात थांबले. ताट खाली ठेवून त्या आत निघून गेल्या.

त्यांची नात शाळेत शिकवते. तिने इंग्रजीतून समजावले. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नॉम पेन्ह जिंकले. शहरे रिकामी केली, शाळा बंद केल्या, चलनच रद्द केले, राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटाने उडवून दिली. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळेपर्यंत सुमारे १७ लाख माणसे मेली. नात्यांच्या हाकाही मोडीत काढल्या होत्या. सगळ्यांनी सगळ्यांना ‘मित’ म्हणायचे, कॉम्रेड या अर्थाने. आजींचा थोरला भाऊ मास्तर होता. त्याला न्यायला आलेली पोरे ‘मित, जरा चल’ एवढेच म्हणाली होती. तो परत आला नाही.

माझ्या वहीतली व्युत्पत्ती अचूक होती. पण त्या शब्दाने तिथे काय भोगले, याला वहीत रकाना नव्हता. आणि माफी मागण्यापुरतीही भाषा मला येत नव्हती.

म्हणून आता रोज सकाळी दोन तास पाटी. ३३ व्यंजने, त्यांना खाली जोडायचे ‘पाय’, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. ‘क’ आणि ‘ग’ लिहायचे वेगळे, उच्चारायचे दोन्ही ‘क’. फरक पुढच्या स्वरात. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, ही मोठी सोय. पण जेवणारा कोण, हे पाहावे लागते. भिक्खूंचे ‘छान’, राजाचे ‘साओय’, गुराढोरांचे ‘सी’. चुकलात तर पाहुण्याचे गुरू व्हायला वेळ लागत नाही.

दुपारी आजींबरोबर बाजार. मी नोटा भराभर मोजते, याचे त्यांना हसू येते. १९८० च्या मार्चमध्ये रिएल पुन्हा चलनात आला. त्याआधी तांदूळ हाच पैसा होता, असे त्या सांगतात. आता ते मला तुकड्यातुकड्याने कळते.

सहाव्या आठवड्यात धीर केला. ख्मेरमध्ये माफी मागताना ‘सोम तोह’ म्हणतात. सोम म्हणजे मागणे, तोह म्हणजे आपला दोष. क्षमा मागायचीच नाही, दोष मागून घ्यायचा.

‘सोम तोह, बोंग,’ मी म्हटले. बोंग म्हणजे थोरले भावंड. ताई असो की दादा, हाक एकच. आजी माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठ्या.

त्या बराच वेळ भाताच्या पातेल्याकडे पाहत राहिल्या. मग माझा ‘तोह’ दुरुस्त केला, दोनदा म्हणवून घेतला. आणि वाढता वाढता म्हणाल्या, ‘जेव, ओन.’

ओन म्हणजे धाकटे भावंड. हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. वहीत त्याच्यासमोरची जागा मी मोकळीच ठेवली आहे.