दोन रुळांमधली फट

रूळ कितीही लांब घडवा, कुठेतरी तो संपतो आणि दुसरा सुरू होतो. इंजिनांवर, पुलांवर, घाटातल्या बोगद्यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. या दोन टोकांमधल्या बोटभर फटीकडे मात्र लेखकांचे फारसे लक्ष गेले नाही. रूळमार्ग सांभाळणाऱ्या माणसांचे तसे नाही. त्यांची निम्मी नोकरी या फटीशी झगडण्यात जाते.

फट जोडण्याचा जुना उपाय म्हणजे फिशप्लेट. रुळाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावायच्या आणि आरपार बोल्ट मारायचे. विल्यम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज इंजिनिअरने १८४७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पट्टी मारली तरी टोकांमध्ये थोडी जागा ठेवावीच लागे, कारण उन्हात रूळ वाढतो. आपल्याकडच्या जुन्या १३ मीटरच्या रुळाचे तापमान ४० अंशांनी चढले, तर तो सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण एका किलोमीटरमध्ये दोन्ही रुळांचे मिळून दीडशेच्या वर सांधे होतात आणि प्रत्येक चाक प्रत्येक सांध्यावर आदळते. रुळाची टोके चेपतात, खालच्या खडीचा चुरा होतो, सांधा खचतो आणि खचल्यामुळे पुढचे चाक आणखी जोरात आदळते. बोल्टसाठी पाडलेल्या भोकांपासून तडे निघतात ते वेगळेच. गाडीच्या ज्या ठेक्यावर आपल्या बालगीतांनी इतके प्रेम केले, तो ठेका म्हणजे रूळ आणि डबे झिजत असल्याचा आवाज होता. पॅरिसजवळच्या ब्रेतिन्यी स्थानकात १२ जुलै २०१३ रोजी गाडी घसरून सात माणसे गेली, ती सांध्यावरची फिशप्लेट सुटल्यामुळे. हा उपाय जुना झाला म्हणून धोका जुना झालेला नाही.

मग फट बुजवूनच टाकावी हे कोणालाही सुचेल. अडचण अशी की बुजवली तरी ऊन थांबत नाही. सलग जोडलेला एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला, तर ४० अंशांच्या फरकाने तो जवळपास अर्धा मीटर लांबेल. त्याला जखडून ठेवले तर लांबी वाढत नाही, पण न वाढलेली लांबी दाब होऊन पोलादात साठते. आपल्याकडच्या ६० किलो प्रतिमीटर वजनाच्या रुळात हा दाब दर अंशाला सुमारे १.९ टन पडतो. तीस अंशांचा फरक म्हणजे एका रुळात ५७ टन. हे ओझे पावणेतीनशे किलोंच्या आसपास वजन असलेले काँक्रीटचे स्लीपर, रुळाला घट्ट धरणाऱ्या क्लिपा आणि भोवतीची खडी पेलतात. प्रवाशाला जाणवणारा खडखडाट गेला, पण त्या जागी दिसत नाही असा ताण आला. सांधा नाहीसा झाला नाही, तो रुळाच्या पोटात गेला. यापुढे रूळमार्गाची सगळी भिस्त त्या सांध्याच्या मजबुतीवर आली.

एवढा मजबूत सांधा माळरानावर, विजेशिवाय, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात करायचा कसा? याचे उत्तर अशा माणसाकडून आले, ज्याच्या डोक्यात सुरुवातीला रेल्वे नव्हतीच. हान्स गोल्डश्मिट हा बर्लिनमध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ, बुन्सेनचा विद्यार्थी. क्रोमियम, मँगनीज असे धातू कार्बनची भेसळ न होता शुद्ध कसे मिळवावेत, या खटपटीत तो होता. धातूच्या ऑक्साईडमधला ऑक्सिजन ॲल्युमिनियम ओढून घेते, हे रशियन शास्त्रज्ञ बेकेतोव्हने १८६५ च्या सुमारास दाखवले होते. पण तेव्हा ॲल्युमिनियमच महाग होते. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी विजेच्या साहाय्याने ते काढण्याची रीत शोधली, भाव कोसळले आणि ॲल्युमिनियमची भुकटी जाळणे परवडू लागले. ॲल्युमिनियमच्या या क्रियेचे गोल्डश्मिटने १८९५ मध्ये पेटंट घेतले आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ तिच्या साहाय्याने जोडले गेले.

रसायन सोपे आहे. वजनाने साधारण तीन भाग लोखंडाचे ऑक्साईड आणि एक भाग ॲल्युमिनियम, हे मिश्रण म्हणजे थर्मिट. पेटवल्यावर ॲल्युमिनियम ऑक्सिजन घेऊन टाकते, लोखंड मोकळे होते आणि इतकी उष्णता सुटते की तापमान अडीच हजार अंशांच्या घरात जाते. पोलाद वितळायला दीड हजार पुरतात. बाहेरून इंधन नको, हवाही नको. नुसते शुद्ध लोखंड रुळाला मऊ पडेल, म्हणून मिश्रणात मँगनीज, कार्बन आणि पोलादाचे तुकडे मोजून घातलेले असतात. रूळ ज्या प्रतीचा, त्याच प्रतीच्या मिश्रणाची पिशवी. तिला रेल्वेत ‘पोर्शन’ म्हणतात. लखनौला रेल्वेचा स्वतःचा थर्मिट पोर्शन कारखाना आहे.

खरी कसोटी साइटवर लागते. ‘ब्लॉक’ मिळाला, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवल्या, की सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या स्लीपरवरच्या क्लिपा काढून रूळ मोकळा करतात. टोके चौकोनी कापून, ब्रशने घासून लख्ख करतात. मधे फट ठेवायची २५ मिलिमीटर, इकडे-तिकडे फार तर एक. मग मीटरभर लांबीची सरळ पट्टी रुळावर टेकवून दोन्ही टोके एका रेषेत आणतात. इथे एक गंमत आहे. टोके अगदी समपातळीत ठेवत नाहीत, मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर उचलून ठेवतात. रुळाचे डोके जाड, ते सगळ्यांत शेवटी थंड होते आणि आकसताना सांध्याला खाली ओढते. आधी दिलेली उंची या ओढीत खर्च व्हावी, हा हिशेब. हिशेब चुकला तर सांधा जन्मभर खोलगट राहतो आणि प्रत्येक चाक तिथे आदळते. म्हणजे फिशप्लेटचे दुखणे वेल्डच्या कपाळी.

मग वाळूचे तयार साचे दोन्ही बाजूंनी बसवतात आणि फटी ओल्या वाळूने लिंपतात. लिंपण सैल राहिले तर वितळलेले पोलाद खालून पळते आणि सगळा खटाटोप वाया. त्यानंतर रुळाची टोके तापवायची, सहाशे अंशांपर्यंत. जुन्या पद्धतीत पेट्रोल आणि दाबाच्या हवेच्या ज्योतीने याला दहा-बारा मिनिटे लागत. ऑक्सिजन आणि एलपीजीच्या ज्योतीने दोन-अडीच मिनिटांत काम होते. ही पायरी कंटाळवाणी, म्हणून घाई नेमकी इथेच होते. टोके थंड राहिली तर ओतलेले पोलाद त्यांना चिकटते, पण त्यांच्यात मिसळत नाही. वरून सांधा देखणा दिसतो, आत मात्र दोन अनोळखी धातू शेजारी उभे असतात.

तापवणे संपले की मूस साच्यावर आणायची, पोर्शनमध्ये फुलबाजीसारखी कांडी खोचायची आणि मागे सरायचे. पुढची वीसेक सेकंदे मुशीत लाव्हा उकळतो. जड पोलाद तळाशी बसते, हलकी मळी वर तरंगते. तळाचे बूच आपोआप वितळते आणि पोलाद साच्यात उतरते. चार-पाच मिनिटे थांबून साचा फोडतात, हायड्रॉलिक ट्रिमरने वरचे जादा पोलाद लालबुंद असतानाच कापतात आणि थंड झाल्यावर रुळाच्या डोक्याशी समपातळीत घासतात. मुशीत किंवा पोर्शनमध्ये दमटपणा राहिला तर वाफेचा स्फोट होऊन पोलाद अंगावर उडते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जून-जुलैत ही माणसे पोर्शन कोरडा राखायला किती जपत असतील, याचा अंदाज यावरून येईल.

एवढे करून जे तयार होते, ते ओतीव पोलाद आहे. दोन्ही बाजूंना कारखान्यात रोलरखाली दाबून, लाटून घट्ट केलेला रूळ आणि मधे उघड्यावर ओतलेला इंचभर तुकडा. थर्मिटची सगळी कमजोरी या एका वाक्यात आहे. ओतिवात बुडबुडे राहू शकतात, मळीचा कण अडकू शकतो. लगतच्या तापलेल्या भागात पोलाद मऊ पडते आणि तिथे चाकांनी हलकी खळगी होते. सर्वांत वाईट म्हणजे तडा बहुधा रुळाच्या पायात, अगदी खालच्या बाजूला सुरू होतो. वेल्डर तिथे पाहू शकत नाही, नंतर रूळ तपासत चालत येणारा कीमनही नाही. म्हणून अल्ट्रासोनिक यंत्राने सांधा तपासतात, पुढेही ठरावीक काळाने तपासत राहतात. सांध्याजवळ महिना, वर्ष, वेल्डरचा सांकेतिक क्रमांक आणि सांध्याचा क्रमांक नोंदलेला असतो. सांधा तुटला तर तो कोणाच्या हातचा, हे लगेच कळते. आणि पुष्कळ ठिकाणी वेल्डच्या फुगीर कड्याला सामावणारी, मधे बाक असलेली फिशप्लेट सांध्याला लावून ठेवतात. जिची हकालपट्टी करायला वेल्ड आले, तीच त्याची जामीन राहिली आहे!

हिवाळ्यात पहाटे मुंबईत ‘रुळाला तडा, लोकल उशिराने’ ही बातमी हमखास वाचायला मिळते. पहाटे रूळ सर्वांत थंड असतो, आकसू पाहतो, आकसता येत नाही आणि सगळी ओढ सर्वांत कच्च्या जागेवर येते. तडा कीमनच्या नजरेला पडला की लाल झेंडी, रुळावर इशाऱ्याचे फटाके, मग बाक असलेली फिशप्लेट आणि क्लॅम्प लावून गाडी अगदी हळू सोडायची. कायमच्या दुरुस्तीसाठी पुन्हा थर्मिटच लागते. तुटलेला सांधा कापून टाकल्यावर फट मोठी होते, म्हणून ७५ मिलिमीटरच्या फटीचे खास वेल्डही असते. उन्हाळ्यातला धोका उलटा. विदर्भात हवा ४५ अंशांवर गेली की रूळ साठीच्या पुढे जातो आणि दाब असह्य झाला तर मार्ग सापासारखा वळतो. म्हणून ठरावीक तापमानापुढे खडी हलवायची बंदी असते आणि उन्हात गस्त घालतात. भोर आणि थळ घाटांत १ : ३७ चा चढ आणि तीव्र वळणे आहेत, अशा ठिकाणी लांब रूळ घालण्यावर बंधने येतात.

थर्मिटला पर्याय आहे. फ्लॅश बट पद्धतीत विजेच्या प्रचंड प्रवाहाने दोन्ही टोके तापवून एकमेकांवर दाबतात. तिसरा धातू मधे येतच नाही आणि सांधा जवळपास रुळाइतका मजबूत होतो. भिलाईच्या कारखान्यात आता १३० मीटरचे रूळ निघतात आणि दोन जोडून २६० मीटरची सलग लांबी रवाना होते. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीही २५ मीटरचे रूळ याच पद्धतीने जोडून २०० मीटरच्या लांबी तयार करतात. थर्मिट जितके कमी तितके बरे, हे रेल्वेलाही मान्य आहे. तरी सांधेबदलाच्या जागी, तुटलेल्या रुळाच्या दुरुस्तीत, जिथे अवजड यंत्र पोचत नाही किंवा मावत नाही, तिथे चार-पाच माणसांनी हातगाडीवरून आणलेली मूसच कामाला येते. सव्वाशे वर्षांत तिची जागा पूर्णपणे घेणारे काही निघालेले नाही.

पुण्यात रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांची संस्था आहे, इरिसेन. तिथे या विषयाचे प्रशिक्षण आणि पुस्तके दोन्ही उत्तम आहेत. माहितीचा तुटवडा कुठेच नाही, तुटवडा वेळेचा आहे. एका सांध्याला क्लिपा काढण्यापासून घासण्यापर्यंत तासाभराच्या पुढे वेळ जातो, आणि पोलाद पुरेसे निवल्याशिवाय त्यावरून गाडी सोडता येत नाही. उपनगरी मार्गावर शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत मिळतात जेमतेम तीन तास. त्यातच तारांचा वीजपुरवठा बंद करणे, साहित्य आणणे, परत नेणे. ऑपरेटिंगवाल्यांना गाडी वेळेवर हवी, इंजिनिअरिंगवाल्यांना ब्लॉक पुरता हवा. ब्लॉक पाऊण तास उशिरा मिळाला तर ओतणे लवकर होत नाही, निवणे लवकर होत नाही. माणसाच्या हातात कमी करण्यासारखे एवढेच उरते, टोके तापवण्याची मिनिटे. मला विचाराल तर नव्या यंत्रांच्या खरेदीआधी रेल्वेने ब्लॉक उशिरा मिळाल्याची नोंद आणि सांधा तुटल्याची नोंद एकाच वहीत, शेजारीशेजारी ठेवावी. रविवारच्या मेगाब्लॉकवर चिडणाऱ्या आपण प्रवाशांनीही ती वही मागून बघायला हरकत नाही.