पांढरे पूट आणि ओल्या वाट्या

सोलापुरात ज्या घरी नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांची गरज बोअरच्या पाण्यावर भागवावी लागते, त्या घरी डिशवॉशर आला की एक तक्रार थोड्याच अवधीत रुजू होते : काचेच्या पेल्यांवर पांढुरके पूट चढते, स्टीलच्या ताटांवर थेंबांचे डाग उमटतात आणि धुतलेली भांडी पुन्हा फडक्याने पुसावी लागतात. आमच्याही घरी हेच झाले. आणि यंत्रावर ठपका ठेवण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावयास हवी होती, हे मला उशिरा उमगले.

दख्खनच्या काळ्या कातळातील भेगांतून मुरत जाताना भूजल कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यात सामावून घेते. अशा पाण्याला शास्त्रात कठीण अथवा दुष्फेन म्हणतात, आपण व्यवहारात जड म्हणतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा इष्ट आणि दुसरा उद्भव नसल्यास ६०० पर्यंत ग्राह्य धरला जातो. सबब पिण्यास चालणारे पाणीही काचेवर पूट चढवण्याइतके कठीण असू शकते. ते तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट, जो गिझरच्या कॉइलवर खपलीसारखा धरतो तोच.

याची तजवीज यंत्रातच आहे. तळाशी रेझिनचे बारीक मणी असतात; ते पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात, आणि त्यांची ही शक्ती संपली की मिठाचे संपृक्त द्रावण ती परत देते. म्हणून तेथे डिशवॉशरचे शुद्ध जाडे मीठच घालावे, स्वयंपाकघरातील बारीक आयोडिनयुक्त मीठ नव्हे; आणि नळाच्या पाण्यासाठी लावलेला कठीणपणाचा आकडा बोअरच्या पाण्यासाठी वाढवावा. पेल्यावर लिंबाचा रस चोळून पाहावा : पूट गेले तर ते क्षारांचे, न गेले तर काचच झिजली, आणि त्यावर इलाज नाही.

जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ साली ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यापासून आजवर तत्त्व एकच आहे : भांडी घासली जात नाहीत, पाण्याच्या माऱ्याने धुतली जातात. तो मारा अडला की भांडी नीट निघत नाहीत. आमच्या यंत्राच्या तळाची जाळी उचलली तेव्हा तीत शेंगाचटणीची भरड, मोहरी आणि कढीपत्त्याचे देठ यांचा चिकट थर सापडला. वाळल्या ज्वारीच्या पिठाची परात अशी उभी केली होती की फवाऱ्याचा दांडा फिरतच नव्हता.

वाळण्याचे गणित निराळे. बहुतेक यंत्रांत शेवटच्या गरम पाण्याने तापलेले भांडे स्वतःच्या उष्णतेने कोरडे होते. जाड चिनीमातीत ती टिकते, पातळ वाटीत लवकर सरते, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात ती मुळात थोडी, वर पाणी थेंबाथेंबाने चिकटून राहते. शेवटच्या पाण्यात मिसळणारा रिन्स एड हा द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे थेंब न बनता पाणी पातळ पडद्यासारखे ओघळते. धुणे संपताच दार बोटभर उघडे ठेवावे, आणि खालचा कप्पा आधी रिकामा करावा; नाहीतर वरच्या पालथ्या वाट्यांच्या बुडांत साचलेले पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडते.